ज्वारीच्या बदल्यात गहू

पुण्यात कुणाला सौंसर कुठे आहे ते सांगायचं झालं की मी संत्र्यापासून सुरुवात करते. तुम्ही हिवाळ्यात नागपुरी म्हणून जी संत्री घेता त्यातली बरीचशी आमच्याकडून आलेली असतात, असं म्हटलं की समोरचा माणूस हातातल्या संत्र्याकडे जरा नीट पाहतो. मग मी रस्ता सांगते. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघायचं, सावनेर ओलांडायचं, थोड्या वेळानं दुकानांच्या पाट्या हिंदी होतात. मध्य प्रदेश लागला. पाट्या हिंदी असल्या तरी त्यांच्याखाली उभे राहून लोक भाव करतात, भांडतात, लेकरांना हाका मारतात ते मराठीतच. तेच माझं गाव.

मी पुण्याच्या एका केटरिंग कॉलेजात बेकरी शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. काही वर्षांपासून माझ्याकडे एक वेगळा विषय आला आहे : ज्वारी, नाचणी, कोदो, कुटकी यांसारख्या जुन्या धान्यांचे पदार्थ, आणि मुख्यतः त्यांचे ब्रेड नि केक. यंदा जानेवारीत पांढुर्ण्याच्या एका लहानशा पाककला संस्थेनं मला हाच विषय शिकवायला बोलावलं, तेव्हा मी रजेचा अर्जही लगेच दिला. पांढुर्णा सौंसरहून बसनं जवळ. म्हणजे राहायला मायजवळ, शिकवायला पांढुर्ण्याला.

सौंसर

बस बोरगावच्या पुढे आली तेव्हा दुपार कलली होती. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे आणि मधल्या शेतांत शेवटच्या वेचणीला आलेला कापूस. कापसाच्या गाड्या रोज जात असल्यानं रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकले होते. बाबा असते तर म्हणाले असते, बाभळीलाही बोंडं लागली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ते आणि माय, दोघंही याच पट्ट्यात दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. माझ्या लहानपणी मजुरीतला काही भाग ज्वारीत मिळायचा, म्हणून घरी दोन्ही वेळा भाकर. गव्हाची पोळी पाहुणा आला तर, नाहीतर सणाला.

मायच्या हातची ती भाकर मला अजून डोळ्यांपुढे दिसते. मोठी, कडेला किंचित जाड, तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली की एका बाजूनं फुगणारी. तिला कडेनं बोटांचे ठसे असायचे, कारण माय शेवटचा फेरा बोटांच्या टोकांनी दाबत घ्यायची. मी शाळेतून आले की त्या ठशांवरून तोडून खायची.

मला नोकरी लागली त्या वर्षी मायनं भाकर बंद केली. भाकर थापायची लाकडी काठवट शेजारच्या शेवंतामावशीला देऊन टाकली. आल्यागेल्याला ती अभिमानानं सांगते, माझ्या करुणाच्या नोकरीपासून या घरात भाकर झाली नाही. त्यानंतर मी जितक्या वेळा घरी गेले तितक्या वेळा पोळ्या खाल्ल्या. भाकर मागावी असं मनात शंभरदा आलं, पण जी गोष्ट सुटली म्हणून माणूस इतकं आनंदात आहे तीच तिच्याकडे कशी मागायची? यंदा मात्र मी ठरवून निघाले होते. निमित्त हाताशी होतं. विद्यार्थ्यांना भाकर दाखवायची आहे, माय, तू थापून दाखव, असं म्हणायचं. विद्यार्थी बघतील, आणि मला खायला मिळेल.

त्यासाठी बोरगावजवळ राहणाऱ्या चुलतभावाला, प्रवीणला, मी आधीच फोन केला होता. तो कडब्यासाठी आणि घरापुरती थोडी ज्वारी पेरतो. त्याच्याकडून एक पोतं मायच्या घरी पोचलं होतं. ते दळून पांढुर्ण्याला न्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

घरी पोचले तर मायनं ताट वाढूनच ठेवलं होतं. वांग्याची तर्रीवाली भाजी, हरभऱ्याची ओली भाजी, कांदा आणि पोळ्या. पुण्याच्या जेवणात सगळीकडे थोडा गूळ असतो, तो इतकी वर्षं खाऊन माझी जीभ मऊ झाली आहे; पहिल्या घासाला ठसका लागला आणि माय हसली. मायच्या पोळ्या जाडसर होतात. गुंडाळल्या तर मोडतात. हात धुऊन मी पोतं शोधलं. कोपऱ्यात पोतं होतं, पण त्यात पीठ होतं, आणि ते गव्हाचं होतं.

"जवारी बदलून आणली मीनं," माय म्हणाली. "दुकानवाल्यानं चांगला शरबती गहू देला. दळूनबी ठेवला तुह्यासाठी."

मी विचारलं, का बदलली? तिनं भांडी बाजूला सारली आणि खालच्या आवाजात मलाच विचारलं, "तुहं तिकडे बरं चालू हाये ना, बाई? नोकरी हाये ना?"

मग हळूहळू उलगडलं. मी ज्वारीचं पोतं मागवलंय हे प्रवीणकडून कळल्यापासून ती काळजीत होती. आमच्या वस्तीत ज्वारी मागायला कोण जायचं, तर ज्याच्या घरचा गहू संपला तो. पोरीचं काहीतरी बिनसलं आहे, शिकायला येणाऱ्या पोरांना भाकर घालायची वेळ आली आहे आणि लाजेनं ती सांगत नाही, असं तिनं धरलं. म्हणून शेवंतामावशीला घेऊन ती पोतं दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं ज्वारीच्या बदल्यात जास्तच गहू दिला. ज्वारी आता शहरात महाग आहे, हे त्यानं सांगून पाहिलं. मायला ते पटलं नाही.

"भोळा हाये बिचारा," ती म्हणाली. "दुकान कसं चालवत असंल कोणास ठाऊक."

मी तिला समजावलं की नोकरी छान चालली आहे, मी हेच शिकवते, पुण्यातले लोक ज्वारीचा ब्रेड मुद्दाम मागून घेतात. संस्थेनं छापलेला कागद दाखवला. त्यावर हिंदीत प्राचीन अनाज असं मोठ्या अक्षरांत होतं. तिनं प्राचीन म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, खूप जुनं.

"म्हंजे आपण सोडलं ते?"

मी हो म्हटलं. तिनं कागदाची घडी करून परत दिली आणि भांडी घासायला घेतली. भाकरीचं विचारायचं त्या दिवशी राहिलंच.

सकाळी दुकानात गेले. आमची ज्वारी इतर मालाबरोबर आदल्या दिवशीच नागपूरला गेली होती. प्रवीणकडे बियाण्यापुरतीच उरली होती; गावात दुसरीकडे विचारलं, तर मिळाली ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी ठेवलेली, किडकी. शेवटी मी मायचं गव्हाचं पीठच पिशवीत भरलं, पुण्याहून आणलेल्या कोदो-कुटकीच्या लहान पुड्या घेतल्या आणि बस पकडली.

पांढुर्णा

संस्था म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, एक मोठी भट्टी आणि पांढरे कोट घातलेले वीसेक विद्यार्थी. आसपासच्या शेतकऱ्यांची, मजुरांची, छोट्या नोकरदारांची मुलं. शिकून नागपूरला किंवा भोपाळला हॉटेलात लागायचं, हे सगळ्यांचं ठरलेलं. मीही एके काळी अशाच खोलीत अशाच कोटात उभी होते. शाळेतल्या एका बाईंनी मला या शिक्षणाचं नाव सांगितलं नसतं तर आज मीसुद्धा कापूस वेचायला गेले असते. त्यामुळे या मुलांपुढे उभं राहताना मला जरा भरून येतं, आणि मग मी उगाच कडक बोलते.

पहिल्या दिवशी कोदोची खिचडी आणि कुटकीची खीर केली. मुलांनी नम्रपणे खाल्ली. दुर्गेश नावाचा एक धिटुकला मुलगा म्हणाला की मॅडम, आम्हाला वाटलं पिझ्झा शिकवाल. मग मी खरं ते सांगितलं : उद्यापासून ज्वारीचा ब्रेड आहे, पण ज्वारी माझ्याजवळ नाही. कुणाच्या घरी आहे का? ज्वारीचं पीठ?

एकही हात वर झाला नाही. सगळे जमिनीकडे पाहत होते. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले तर प्रत्येकात पोळी. मीही मायनं दिलेली पोळी काढली.

सुट्टी संपता संपता रोशनी हळूच ओट्याजवळ आली. ती तिगावची. रोज आगगाडीनं यायची.

"मॅडम, आमच्या घरी हाये जवारी. रोजच भाकर होते," ती म्हणाली. "डब्यात नाई आणत मी."

मी विचारलं, का नाही आणत? तिनं मागे पाहिलं आणि म्हणाली, "पोट्टे हासतात ना."

मी तिला एवढंच सांगितलं की माझ्या घरी दोन्ही वेळा भाकर असायची, आणि मी मजुराची मुलगी आहे. ते मी जरा मोठ्यानं बोलले असेन, कारण कढया घासणारी मुलं थांबून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी रोशनी पिशवी घेऊन आली. दुर्गेशही. "आजी खाते म्हणून राहते घरात," असं त्यानं कुणी न विचारता सांगितलं. मग एकेक करून ओट्यावर पिशव्या येत गेल्या. कापडाची पिशवी, दुधाची पिशवी, औषधाच्या दुकानाची पिशवी. काही पीठ शुभ्र, काही पिवळट, एक तर लालसर. कुणाचं कालच दळलेलं, कुणाचं महिन्याभरापूर्वीचं. आदल्या दिवशी कुणाच्याच घरी नसलेली ज्वारी आज ओट्यावर मावेना.

मला शिकवायला याहून चांगलं काय हवं होतं? प्रत्येक पिठाचा लहान गोळा करून थापायला लावला. ताजं पीठ कडेपर्यंत सरकलं, जुन्याला चिरा गेल्या. ज्वारीत गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो. जो थोडा असतो तो दळल्यावर दिवसागणिक कमी होतो. म्हणून जुन्या पिठावर उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं आणि गरम असतानाच मळायचं. हे आपल्या आया करतातच. आपण तीच उकड खमीर घालून भट्टीत नेणार आहोत, असं मी सांगितलं.

नेली, आणि फसली. भट्टी मला नवी, आच अंदाजापेक्षा जास्त. निव्वळ ज्वारीचा पहिला ब्रेड बाहेर आला तो वरून करपलेला आणि आतून दगड. दुर्गेशनं तो ओट्यावर ठोकून पाहिला.

"मॅडम, याले घराच्या पायव्यात टाकू," तो म्हणाला. "पिढ्या निंघतीन."

सगळे हसले, मीही. पण भट्टीची आच उतरेपर्यंत मला वेगळा घाट घालणं भाग होतं, आणि हाताशी होतं ते मायचं गव्हाचं पीठ. अर्धी ज्वारीची उकड, अर्धा मायचा गहू, थोडं दही, आणि खमिराला भरपूर वेळ. या खेपेला कणीक फुगली. भट्टीतून निघालेला ब्रेड कापला तर आत बारीक जाळी, रंग भिजल्या मातीचा, वास थेट भाकरीचा. रोशनीनं तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे तं घरासारखं लागून राहिलं."

पुढचे दिवस भराभर गेले. ज्वारी आणि संत्र्याच्या सालीचा केक आम्ही तीनदा केला, तिसऱ्यांदा जमला. साल किसताना पांढरा भाग आला तर केक कडू होतो, हे संत्र्याच्या गावच्या पोरांना मला सांगावं लागलं, याची त्यांना लाज वाटली आणि मला गंमत. डब्यांत हळूहळू भाकरी दिसायला लागल्या. मायनं भरून दिलेल्या माझ्या डब्यात मात्र रोज पोळी.

शेवटच्या दिवशी मुलांनी आपल्या माणसांना बोलवायचं होतं. मी मायला म्हटलं, चल. आणि इतके दिवस गिळलेलं वाक्यही बोलून टाकलं : तिथं एक भाकर थापून दाखवशील का? ती पदर नीट करत म्हणाली, पाहू. तेवढ्यावर मी रात्री आनंदात झोपले.

सकाळी ती पांढरं निळ्या काठाचं लुगडं नेसली, जे विहारात जाताना नेसते. बसमध्ये खिडकीशी बसून कुठल्या बगीच्यात कुठल्या वर्षी काम केलं ते दाखवत गेली. संस्थेत मुलांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ब्रेड, केक, कुटकीची खीर सगळं टेबलावर मांडलं होतं. रोशनीनं परातीत ज्वारीचं ताजं पीठ काढलं, बाजूला तवा ठेवला आणि मायसमोर येऊन म्हणाली, "आजी, मॅडम म्हणत होत्या तुमच्या हातची भाकर लय मोठी होते. थापून दाखवा ना."

मायनं परातीकडे पाहिलं. चिमूटभर पीठ उचललं, अंगठ्याखाली चोळलं. मला वाटलं, आता ती बांगड्या वर सारेल. तिनं पीठ परत परातीत टाकलं, हात लुगड्याला पुसला.

"मले नाई येत भाकर," ती म्हणाली.

रोशनीला खरंच वाटलं. ती बरं म्हणून परात घेऊन गेली. मी मायकडे पाहिलं, तर ती समोर, माझ्या पांढऱ्या कोटाकडे पाहत होती, तो तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. वीस मुलांच्या नि त्यांच्या आईबापांच्या पुढे ती त्या कोटवालीची माय होऊन बसली होती. भाकर थापणारी बाई तिला तिथं पुन्हा व्हायचं नव्हतं. हे कळायला मला वेळ लागला नाही. पण कळल्यामुळे भूक गेली असं झालं नाही.

केक मात्र तिनं आवडीनं खाल्ला. दुर्गेशनं यात ज्वारी आहे म्हणून सांगितलं तर ती विश्वास ठेवेना. मग ब्रेड देताना तो म्हणाला, "यात तुमचा गहू हाये, आजी. तुमच्या गव्हाशिवाय हा उठतच नव्हता."

"असं?" माय म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "पाह्य. म्हणे कायले बदलली."

केकचा एक तुकडा तिनं शेवंतामावशीसाठी रुमालात बांधून घेतला. मी तिथूनच पुण्याला निघणार होते, म्हणून दिवस कलता कलता तिला आधी सौंसरच्या बसमध्ये बसवलं. बस सुटायच्या आधी तिनं खिडकीतून माझ्या हातात एक गाठोडं दिलं, वाटेत खायला.

तिगाव

पुण्याची गाडी पुढे पकडायची म्हणून मी भोपाळच्या बाजूला जाणारी आगगाडी धरली होती; ती पांढुर्णा सोडते आणि लगेच तिगाव येतं. छोटं स्टेशन, फलाटावर उन्हाचे शेवटचे पट्टे. गाडी थांबली तशी रोशनी धावत आली. ती आधीच्या गाडीनं घरी पोचली होती. मागून तिची आई, डोक्यावरचा पदर सावरत. तिनं खिडकीतून एका फडक्यात काहीतरी दिलं. ते गरम होतं. भाकर आणि वर मिरचीचा ठेचा. बोलायला वेळ नव्हता, गाडी हलली. रोशनीची आई चालता चालता एवढंच म्हणाली, "बाई, पोरगी आता डब्यात भाकर नेतो म्हणते."

मी लगेच खाल्ली. भाकर फार छान होती. ताजी, मऊ, गोडसर. ही शिकवायच्या वर्गात दाखवावी अशी भाकर होती, आणि मी अर्धी झाल्यावर थांबले. मला हवी होती ती ही नव्हती.

मग मायचं गाठोडं सोडलं. त्यात नेहमीच्या जाडसर पोळ्या, आत बटाट्याची कोरडी भाजी. वरची पोळी उचलली आणि खिडकीच्या उजेडात पहिल्यांदाच नीट पाहिली. लाटण्याच्या खुणा मधेमधे होत्या. कडेला मात्र गोल फेरा धरून बोटांचे ठसे होते, एकाशेजारी एक. लाटून झाल्यावर शेवटचा फेरा माय अजूनही बोटांच्या टोकांनी घेते. इतकी वर्षं घेत असणार. मी इतकी वर्षं ताटात भाकर नाही एवढंच पाहत होते.

मी ठशांवरून तोडून तोडून ती पोळी खाल्ली. गाडी घाट चढायला लागली तेव्हा बगीचे काळे दिसायला लागले होते.

पुण्याला पोचून मायला फोन केला. पोचले, म्हटलं. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

"जाड झाल्या होत्या ना?" माय म्हणाली. "घाईत केल्या. पुढच्या बारीनं पातळ लाटीन."

"नको," मी म्हटलं. "अशाच कर."